काकांची पद्मिनी

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एका प्रौढेच्या भवितव्याचा प्रश्न निघाला आणि सारें कुटुंब ओसरीवर जमलें. प्रौढेचें वय पन्नास पुरें. रंग फिका निळा. सकाळीं उठतांना थोडी खोकते, पण एकदां बोलूं लागली म्हणजे थांबत नाहीं. खाणें मात्र तरुणपणापेक्षां वाढलेलें. तिला घरांत ठेवावी, मानानें कोपऱ्यांत बसवावी, कीं निरोप द्यावा, असा तिहेरी विचार होता. वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. वडील माणसांविषयीं असली सभा आमच्या घरीं अद्याप भरलेली नाहीं. ही प्रौढा म्हणजे आमच्या धाकट्या काकांची १९७५ सालची पद्मिनी मोटार.

प्रश्नाचें कारण सरकारी होतें. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यानें पंधरा वर्षें टिकते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. त्या हिशेबानें २०२५ सालीं पद्मिनीची पुन्हां पाळी आली. मधल्या काळांत, २०२१ सालीं, दोन नव्या गोष्टी झाल्या होत्या. जुनीं वाहनें मोडींत काढण्याचें धोरण जाहीर झालें, आणि पन्नास वर्षें उलटलेल्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवून त्यांच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें घालण्याचा नियमहि निघाला. माझ्या धाकट्या बंधूंचा कल मोडीकडे होता, कारण अंगणांतील जागेची त्यांना गरज आहे. थोरले बंधू मोठ्या मनाचे. त्यांनीं 'व्हीए'चा सन्मान सुचविला. काका झोपाळ्यावर बसून सुपारी कातरीत होते. ते कांहींच बोलले नाहींत. ज्या माणसाला पद्मिनीविषयीं सर्वांत अधिक ठाऊक होतें, त्यालाच आम्हीं अजून विचारलें नव्हतें.

काकांना ती ठाऊक आहे हें म्हणणें तोकडें आहे. असल्या किती मोटारींना त्यांचा हात लागला असेल, याचा हिशेब त्यांनीं ठेवलेला नाहीं. मुंबईस कुर्ल्याच्या 'प्रीमिअर ऑटोमोबाइल्स'मध्यें ते १९६६ सालीं लागले आणि तीस वर्षांहून अधिक काळ तेथेंच राहिले. त्यांचें काम एकच, दारें बसविण्याचें.

येथें थोडें मागें जाणें भाग आहे. आमचे आजोबा महालांतल्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत. घरांतल्या मुलानें एक तर शिक्षक व्हावें, नाहीं तर वकील, आणि अगदींच प्रकृति साथ देईना तर सेक्रेटरिएटांत चिकटावें, एवढाच त्यांचा नकाशा. काका इंटर सायन्सला दोनदां अडखळले. तिसऱ्या खेपेस परीक्षेला न बसतां त्यांनीं मुंबईची गाडी धरली आणि महिनाभरानें पत्र टाकलें कीं कारखान्यांत जागा मिळाली आहे, पगार बरा आहे, प्रकृति चांगली आहे. आजोबांनीं पत्र वाचलें, घडी करून पंचांगांत ठेवलें आणि संध्येला बसले. दिवाळीस काका आले तेव्हां पंगतींत आजोबांची नजर त्यांच्या हातांकडे गेली. नखांच्या कडांत काळें वंगण होतें; तें कितीहि घासलें तरी निघत नाहीं. आजोबा एवढेंच म्हणाले, "हात धुतलेस ना रे?" काका सांगतात कीं, तो प्रश्न त्यांना पुढें दहा वर्षें पुरला.

पांढरपेशा घरांत हाताच्या कामाविषयीं जो संकोच असतो त्याची आम्ही आतां थट्टा करतों. पण तो गेला आहे असें कोणीं समजूं नये. त्याचें रूप तेवढें बदललें आहे. मुलगा यंत्रांचा अभियंता झाला तर आम्ही पेढे वाटतों. मात्र तो स्वतः पाना हातीं घेऊन यंत्राखालीं शिरतो असें कळलें, तर त्याच्या हाताखालीं माणसें नाहींत काय, असें हळूच विचारून घेतों.

वास्तविक ज्या कारखान्यांत काका गेले त्याच्यामागें केवढी जिद्द होती! मोटार हिंदुस्थानांत तयार व्हावी ही कल्पना विश्वेश्वरय्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत मांडली आणि मुंबईस कारखाना काढण्याची योजनाहि आंखली. ती उचलून धरणारे वालचंद हिराचंद १८८२ सालीं सोलापुरांत जन्मलेले. बोगदे खोदण्याचीं कंत्राटें घेणारा हा माणूस पुढें आगबोटी, साखर आणि विमानें अशा एकेका क्षेत्रांत शिरला. परकी सरकारनें मोटारीच्या बाबतींत हात आखडला, तरी त्यांनीं १९४४ सालीं कंपनी स्थापन केली. १९४७ सालीं कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें. पुढें इटालीच्या फियाटशीं करार झाला आणि १९५४ च्या सुमारास 'फियाट ११००' आपल्या रस्त्यांवर आली. तिच्या गोल पाठीमुळें व पुढें आलेल्या नाकाडामुळें मुंबईकरांनीं तिला 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलें. थट्टा केली खरी, पण घेण्यासाठीं रांगाहि लावल्या.

काका लागले तेव्हां त्या वंशांतली 'डिलाइट' निघत होती. ती १९६४ पासूनची. तिची ठेवण आमच्या पद्मिनीचीच: मागें दोन बारीक शेपट्या, पुढच्या दारांना तिकोनी कांचेची झडप, सुकाणूच्या दांड्यालाच बसविलेला गिअर, पुढेंहि एकसंध बांक. यंत्र १०८९ सी. सी. चें. इटालींत हें रूप १९६६ सालींच बंद झालें. आपल्याकडे तें विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिलें. फियाटशीं असलेल्या कराराची मुदत संपल्यावर तिचें नांव प्रथम 'प्रेसिडेंट' आणि १९७४ सालीं 'पद्मिनी' झालें. पण लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. सासरीं नांव बदललेल्या मुलीला माहेरचें नांव जसें कधीं सोडीत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. काकू मात्र तिला तिसऱ्याच नांवानें ओळखतात. त्यांच्या लेखीं ती 'सवत'.

त्या काळीं मोटार ही बाजारांत जाऊन घेण्याची वस्तु नव्हती. नांव नोंदवावें, आणि मुलगा शाळेंतून कॉलेजांत जाईपर्यंत वाट पाहावी. किमतीवर सरकारचें नियंत्रण, उत्पादन बेताचें, आणि मागणी अफाट. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं बारा हजारांची फियाट घेतली तेव्हां त्यांच्याजवळ सातच हजार होते. उरलेल्या पांच हजारांसाठीं त्यांनीं पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढलें. जानेवारी १९६६ मध्यें ताश्कंदला त्यांचें निधन झालें, आणि तें कर्ज ललितादेवींनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून फेडलें. ती गाडी दिल्लीस त्यांच्या स्मारकांत ठेवलेली आहे. काका तिच्याविषयीं बोलतांना आवाज खालीं आणतात. म्हणतात, "आमच्याच कारखान्यांतली. तिचीं दारें माझ्या आधींच्या माणसांनीं बसविलीं."

दारें बसविणें म्हणजे काय, हें मीं लहानपणापासून ऐकत आलों आहें. पोलादी पत्रा दाबयंत्राखालीं सांच्यांत घालून दाबला म्हणजे दाराचा आकार येतो; पण सांचा एकच असला तरी दोन दारें कधीं अगदीं एकसारखीं निघत नाहींत. सांगाडा जोडतांना डाग कमीअधिक तापतो, पत्रा केसभर ओढला जातो, आणि चौकट एक व दार भलतेंच, अशी अवस्था होते. मग दार बिजागऱ्यांवर लटकवावें, चारी बाजूंची फट बोटानें चाचपावी, बिजागरीपाशीं लांकडाचा ठोकळा धरून दार अंगच्या जोरानें किंचित् दाबावें, कोठें कानस फिरवावी, कोठें कुलुपाचा खटका सुताएवढा सरकवावा. फट डोळ्यांना सारखी दिसली म्हणजे काम झालें असें नवशिक्याला वाटतें. जुना फिटर दार लावून ऐकतो. फार घट्ट असलें तर 'ठण्' असा रागीट आवाज येतो. सैल असलें तर दोन आवाज येतात, एक लागल्याचा आणि एक थरथरल्याचा. बरोबर बसलेलें दार एकदांच बोलतें आणि गप्प होतें. भोवतीं घणांचा कल्लोळ चालला असतां तेवढा एक आवाज वेगळा काढतां येणें, ही त्या खात्यांतली पदवी होती. ती काकांना मिळण्यास चार वर्षें लागलीं.

१९७६ सालीं आजोबांना मोतीबिंदु झाला. नागपुरांत डॉक्टर नव्हते असें नाहीं. पण काकांनीं हट्ट धरला आणि माझ्या वडिलांनींहि, का कोण जाणे, त्यांचीच बाजू घेतली. मुंबईस शस्त्रक्रिया झाली. घरीं न्यावयाच्या दिवशीं आजोबांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यानें उजेडापलीकडे फारसें दिसत नव्हतें. काकांनीं टॅक्सी बोलाविली, अर्थात् फियाटच. आजोबांना आंत बसविलें, आणि दार लावतां लावतां त्यांच्या तोंडून निघून गेलें, "नाना, ह्या गाडीचें दार आमच्या खात्यांत बसतें."

आजोबा क्षणभर थांबले. मग चाचपडत त्यांनीं दाराची मूठ शोधली, दार उघडलें आणि स्वतः ओढून लावलें. पुन्हां उघडलें, पुन्हां लावलें. टॅक्सीवाला मागें वळून पाहूं लागला. चाळीस वर्षें मुलांच्या तोंडचे ऱ्हस्व-दीर्घ तपासलेले ते कान होते. आजोबा मागें टेकून बसले आणि म्हणाले, "उच्चार शुद्ध आहे."

बाकी प्रवासांत दोघेहि कांहीं बोलले नाहींत. नागपुरास परतल्यावर आजोबांचें नेहमींचें कार्ड काकांना गेलें. दहा वर्षें त्या कार्डांत प्रकृति, पाऊसपाणी आणि नातेवाइकांचीं लग्नें एवढाच मजकूर असे. या कार्डाच्या शेवटीं एक ओळ अधिक होती: 'दारांचें काम कसें चाललें आहे तें कळविणें.' तें कार्ड काकांच्या पेटींत आहे. त्यांनीं तें मला एकदांच दाखविलें.

काका १९९८ सालीं मुदतीपूर्वीं निवृत्त होऊन नागपुरास आले आणि त्यांनीं पहिली खरेदी केली ती या पद्मिनीची. धरमपेठेंतल्या एका कुटुंबांत ती पडून होती. टायर बसलेले, गादींत उंदरांचा संसार. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारींचीं दारें लावलीं, त्यानें त्रेपन्नाव्या वर्षीं स्वतःच्या मोटारीचें दार उघडलें. इतवारींतल्या ज्या मिस्त्रीकडे ती नेली, तो सभोंवार फिरून म्हणाला, "बाप्पा, काहून घेतली हो ही? जीव नाहीं राहिला तिच्यांत." काकांनीं उत्तर न देतां चारी दारें एकामागून एक लावून पाहिलीं. तीन ठीक होतीं. चौथें त्यांनीं तेथेंच, मिस्त्रीच्या पान्यानें, बसवून दिलें. तेव्हांपासून तो मिस्त्री त्यांना 'वस्ताद' म्हणतो.

पुढचीं पंचवीस वर्षें तिनें आमच्या घराचें काय केलें नाहीं! पुढच्या बांकावर तिघे, मागें चौघे आणि मांडीवर बसतील तितकीं मुलें, अशी ती रामटेकला आणि अदाशाच्या गणपतीला गेली. संत्र्याच्या दिवसांत मागची पेटी भरून आली म्हणजे दोन दिवस गाडीला तोच वास. नागपूरचा उन्हाळा वाचकांस माहीत आहेच. मे महिन्यांत दुपारीं पेट्रोलची वाफ होऊन ती चढावर थांबे. मग काका खालीं उतरून, झांकण उघडून, पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवीत. तिकोनी झडप थोडी वळविली म्हणजे वारा नेमका तोंडावर येई. आजच्या थंड हवेच्या गाड्यांत तें सुख नाहीं असें काका म्हणतात. हें मला पटत नाहीं, पण मीं वाद घालीत नाहीं.

मुंबईंतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या काळ्या-पिवळ्या गाड्या मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. ती बातमी काकांनीं वर्तमानपत्रांत दोनदां वाचली. मग उठून पद्मिनी धुतली, झिरो माइलपर्यंत एक फेरी मारून आणली आणि जेवावयास बसले. काकूंनीं त्या दिवशीं तिला सवत म्हटलें नाहीं.

असो. ओसरीवरील सभेकडे वळूं. थोरल्या बंधूंनीं 'व्हीए'ची योजना सविस्तर मांडली. तेव्हां काकांनीं अडकित्ता खालीं ठेवला आणि विचारलें, "मग ती बाजारांत नेतां येईल?"

"नाहीं. रोजच्या कामास रस्त्यावर आणावयाची नाहीं. प्रदर्शनास किंवा जुन्या मोटारींच्या फेरीस नेतां येते. दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायलाहि. पण मान केवढा, काका! लोक फोटो काढतील."

"म्हणजे हार घालायचा आणि चालूं द्यायचें नाहीं," काका म्हणाले. "चालत नसती तर मींच मोडींत घाला म्हटलें असतें. लोखंड आहे तें, वितळून दुसऱ्या कामीं येईल. त्यांत दुःख कसलें? पण जें चालतें आहे त्याला देव्हाऱ्यांत कां बसवतां?"

ओसरीवर कोणी बोललें नाहीं. मला त्या वेळीं एक वेगळीच गोष्ट आठवत होती. गेल्या दोन वर्षांत काकांची ऐंशी जवळ आली म्हणून आम्हीं त्यांच्या हातून एकेक काम काढून घेतलें होतें. भाजीची पिशवी सुनेनें घेतली, विजेचें बिल पुतण्यानें घेतलें, बागेला पाणी घालणें माळ्याकडे गेलें. प्रत्येक वेळीं आम्ही म्हणालों, "काका, आपण आतां बसावें." त्यांच्या वाढदिवसाला शाल घातली, फोटोहि काढले. त्यांनीं कधीं तक्रार केली नाहीं. हें सारें प्रेमापोटीं झालें हें खरें. पण तें प्रेम 'व्हीए'च्या जातीचें होतें, हें मला त्या दुपारपर्यंत सुचलें नव्हतें.

सभेचा निकाल अखेर माझ्या पुतणीनें लावला. ती येथल्याच संस्थेंत यंत्रशास्त्र शिकते. त्या संस्थेला नांव आहे विश्वेश्वरय्यांचें, पण मोटारीच्या कारखान्याचें स्वप्न त्यांनीं पाहिलें होतें हें तिला त्या दिवशींच कळलें. ती म्हणाली, "तपासणीला गाडी मीं तयार करतें. आजोबांनीं फक्त सांगावें." तिची आई लगेच म्हणाली, "अग, हात बघ कसे होतील!" आणि स्वतःच थांबली, कारण काका हंसूं लागले होते. त्यांना असें हंसतांना आम्हीं फार दिवसांत पाहिलें नव्हतें.

तीन आठवडे अंगणांत खटपट चालली. ब्रेकांच्या वाद्या बदलल्या, दिव्यांच्या तारा नव्या घातल्या, कार्बुरेटर उघडून पुसला. गाडी तपासणींत उतरली. पुढच्या पांच वर्षांचा शिक्का मिळाला. त्या वेळीं ती पंचावन्नाची होईल आणि काका पंच्याऐंशींचे. पुढचें पुढें पाहतां येईल. दरम्यान भाजीची पिशवी काकांकडे परत गेली आहे; सोमवारीं ते पुतणीला शेजारीं नव्हे, सुकाणूवर बसवून बाजारास जातात.

परवां सायंकाळीं मी अंगणांत गेलों तेव्हां मागचें डावें दार उघडें होतें. काका आंत डोळे मिटून बसले होते. बाहेर पुतणी लांकडाचा ठोकळा घेऊन उभी. कपाळावर काळ्या वंगणाचा ओरखडा. तिनें दार लावलें. मला तो आवाज चांगला वाटला.

"दोन आले," काका आंतून म्हणाले. "पुन्हां."

तिनें दार उघडलें आणि ठोकळा बिजागरीपाशीं धरला.